ह्यांच्या दुखऱ्या हातांसाठी पिस्तूल: स्मिथ अँड वेसन शील्ड ईझेड ३८०

पिस्तुलाच्या दुकानात जाऊन "छोटं आणि चालवायला सोपं काहीतरी दाखवा" म्हटलं, की काउंटरवरचा माणूस सगळ्यात छोटं पिस्तूल काढून पुढे ठेवतो. तळहातात मावणारं, खिशात घातलं तर कळणारही नाही असं. बघणारा खूश होतो. पण पिस्तूल जितकं छोटं आणि हलकं, तितकं ते चालवायला अवघड. ज्याच्या हातात मुळातच जोर कमी आहे, त्याला तर फारच. हे घेण्याआधी कळलं तर लोकांचे पैसे वाचतील आणि कपाटात नुसती पडून राहणारी पिस्तुलंही कमी होतील.

मी लिहितेय ते स्मिथ अँड वेसनच्या 'एम अँड पी ३८० शील्ड ईझेड' या पिस्तुलाबद्दल. ते ह्यांच्यासाठी घेतलं. खरं तर ह्यांनी स्वतःच घेतलं, मी सोबत होते. ते तसं का, हे पुढे येईलच.

ह्यूस्टनच्या पश्चिमेला ह्यांचं औषधांचं दुकान आहे. साखळीतलं नाही, स्वतःचं. रात्री कुलूप लावून गाडीपर्यंत चालत जायचं, तेवढाच काय तो धोक्याचा वेळ. ह्यूस्टनमध्ये कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाला काळ्या बाजारात किती मागणी आहे, हे इथल्या प्रत्येक फार्मासिस्टला ठाऊक आहे. दुकानाबाबत आमचं ठरलेलं आहे: कुणी येऊन बाटली मागितली तर बाटली द्यायची, गोळ्या मागितल्या तर गोळ्या द्यायच्या. औषध वाचवायला पिस्तूल काढायचं नाही. बंद करताना दोघांनी मिळून बंद करायचं, गाडी दिव्याखाली लावायची. हे सगळं करूनही जिवावर बेतलंच तर, एवढ्यापुरतंच पिस्तूल.

अडचण ह्यांच्या हातांची. दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी संधिवात आहे. लोणच्याच्या बरणीचं झाकण मी उघडून देते. आणि घरात नेमबाजी येते ती मला. कोल्हापुरात कॉलेजला असताना एनसीसीत .२२ची रायफल हातात आली, तेव्हापासूनची ही आवड. मुलीने बंदूक धरली म्हणून आमच्या गावात आता कुणी चकित होत नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेती झाली, राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, दोघी कोल्हापूरच्याच. तरी इथल्या एका दुकानात मी "ह्यांच्यासाठी बघतोय" असं सांगूनही विक्रेता गुलाबी मुठीचं पिस्तूल माझ्याच पुढ्यात ठेवत राहिला. तिथून आम्ही निघालो.

आधी कायद्याचं बोलते, कारण आपल्या लोकांना त्याची माहिती फार कमी असते. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या संघीय कायद्याने तुम्हाला पिस्तूल विकत घेता येत नाही आणि जवळही बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असणं यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहण्याआधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्ड असेल तर घेता येतं. मित्राने नेमबाजीच्या रेंजवर नेलं, हातात दिलं, तरी तो 'बाळगण्या'चा प्रश्न होऊ शकतो आणि त्याचा परिणाम थेट तुमच्या व्हिसावर होतो. तरुण मुलामुलींना मी हे हात जोडून सांगते.

दुसरं, दुकानात फॉर्म ४४७३ हा बंदूक-खरेदीचा सरकारी फॉर्म भरावा लागतो. प्रत्यक्ष खरेदीदार तुम्हीच आहात का, असा त्यात सरळ प्रश्न असतो. नवऱ्याला किंवा बायकोला खरोखरची भेट म्हणून स्वतःच्या पैशाने घेऊन देणं कायदेशीर आहे. दुसऱ्याच्या पैशाने, त्याच्या वतीने घेणं हा गुन्हा आहे. तरी मी म्हणेन की भेट देऊच नका. साडी आणतो तसं मापाचा अंदाज घेऊन आणायची ही वस्तू नाही. ज्याला वापरायचंय त्याने स्वतः यावं, हातात धरावं, रेंजवर चालवावं आणि फॉर्मवर स्वतःच सही करावी. म्हणून ह्यांनीच घेतलं.

आता मुद्द्याचं. पिस्तुलात काडतूस भरायचं तर वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे ओढून सोडावी लागते. आत एक स्प्रिंग असते. गोळी सुटल्यावर मागे येणाऱ्या स्लाइडचा वेग तीच आवरते. पिस्तूल लहान केलं की नळी आखूड होते, स्लाइड हलकी होते आणि तिला मागे सरकायला जागाही कमी मिळते. मग तो वेग आवरायला स्प्रिंग कडक करावी लागते. म्हणून छोट्या पिस्तुलाची स्लाइड बहुधा मोठ्यापेक्षा जास्त घट्ट लागते. वॉल्थर पीपीकेसारख्या जुन्या घाटाच्या पिस्तुलात तर स्लाइड आणि नळी एकमेकांत अडकलेलीच नसतात. सगळा भार स्लाइडच्या वजनावर आणि स्प्रिंगवर असतो, त्यामुळे ती आणखी कडक. दिसायला पीपीके फार सुंदर आहे, आणि ह्यांचा पहिला हात तिकडेच गेला होता.

दुसरी गोष्ट धक्क्याची. काडतूस तेच ठेवून पिस्तुलाचं वजन निम्मं केलं, तर ते जवळजवळ दुप्पट वेगाने मागे येऊन हातावर आदळतं. शाळेतलं भौतिकशास्त्र आहे हे. रुगर एलसीपी साधारण २७० ग्रॅमचं, शील्ड ईझेड साधारण ५२५ ग्रॅमचं, आणि दोन्हींत काडतूस एकाच मापाचं, .३८०. म्हणजे खिशात सुखाचं असलेलं एलसीपी तळहाताला अंगठ्याच्या मुळाशीच ठोसा मारतं, नेमका जिथे संधिवात आहे तिथे.

आमच्या भागात एक रेंज आहे, तिथे पिस्तुलं भाड्याने चालवायला देतात. काउंटरवर हातात धरून काहीच कळत नाही, म्हणून आम्ही सगळी निवड तिथे केली. कानावर मफ, डोळ्यांना चष्मा, आणि मी शेजारी उभी. वेगवेगळ्या दिवशी गेलो, कारण ह्यांचे हात लवकर थकतात आणि थकलेल्या हाताने दिलेला निकाल खोटा असतो.

रुगर एलसीपी २००८पासून बाजारात आहे आणि खिशातल्या पिस्तुलांत त्याने मोठी जागा मिळवली आहे. वाहायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण मूठ इतकी आखूड की करंगळी बाहेर लोंबते, आणि एक मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) संपेपर्यंत ह्यांनी हात झटकायला सुरुवात केली. ज्याचा सराव करावासा वाटणार नाही ते पिस्तूल कितीही हलकं असलं तरी उपयोगाचं नाही.

मग रिव्हॉल्व्हर, म्हणजे फिरत्या चक्रीत गोळ्या भरायचं पिस्तूल. वयस्कर माणसाला हमखास हाच सल्ला मिळतो: स्लाइडच नाही, भरा आणि चालवा. स्मिथ अँड वेसनचं ६४२ हे त्यातलं अगदी रुळलेलं मॉडेल. पाच गोळ्या, .३८ स्पेशल, हॅमर (गोळी उडवणारा घण) आत झाकलेला, म्हणजे कपड्यात अडकत नाही. वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. चाप ओढायला मात्र पाच किलोच्या वर जोर लागतो, आणि तो प्रत्येक गोळीला. पिस्तुलाच्या वजनाच्या दहापटीहून जास्त जोर एका बोटाने लावायचा आणि नेमही हलू द्यायचा नाही. हे म्हणाले, "अगं, बोट पोचतंय, पण जोर पोचत नाहीये." दोन बोटांनी ओढायचा विचार आला, तेव्हा मी ते काढून घेतलं. बोटांत ताकद असलेल्यांसाठी ६४२ उत्तम आहे. पण 'हात दुखतात म्हणून रिव्हॉल्व्हर' हा सल्ला डोळे झाकून देऊ नये.

सिग पी३६५ने २०१८ साली या सगळ्या बाजाराचं गणित बदललं. एवढ्याशा पिस्तुलात ९ मिमीच्या दहा गोळ्या. माझ्या स्वतःच्या कमरेला तेच असतं आणि मला त्याबद्दल एक शब्दही वाईट बोलायचा नाही. ह्यांना स्लाइड दोनदा ओढता आली, तिसऱ्यांदा नाही. ग्लॉक ४२ बरंच सौम्य वाटलं, .३८०चंच आहे, सडपातळ आहे. ते जवळजवळ ठरलंच होतं. मॅगझिन भरताना मात्र शेवटच्या दोन गोळ्या दाबायला अंगठ्याचाच जोर लागतो, आणि तिथे ह्यांचा चेहरा बघून मी समजले.

बेरेटाची एक जुनी जात आहे, टॉमकॅट नावाची, .३२ची. तिची नळी खटका दाबल्यावर मागच्या टोकाने उचलली जाते आणि काडतूस थेट नळीत ठेवता येतं, स्लाइड ओढावी लागत नाही. कल्पना सुरेख आहे. पण मधेच काडतूस अडकलं तर स्लाइड ओढावीच लागते, आणि अडकणार ते नेमकं नको त्या वेळी.

मग शील्ड ईझेड. हे २०१८ साली आलं. स्लाइडची स्प्रिंग हलकी आहे, चाप ओढल्यावर आतल्या आत लपलेला हॅमर पडतो, आणि स्लाइडच्या मागच्या टोकाला दोन्ही बाजूंना बाहेर आलेले छोटे कान आहेत. घामट बोटंही त्यावरून घसरत नाहीत. ह्यांनी पहिल्याच ओढीत स्लाइड पूर्ण मागे नेली आणि माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा ओढली, मग पुन्हा. मॅगझिनला दोन्ही बाजूंना छोट्या घुंड्या आहेत. त्या बोटांनी खाली ओढून धरायच्या आणि काडतूस आत सोडायचं. नेमबाजीच्या .२२ पिस्तुलांच्या मॅगझिनला असतात तशाच. आठ गोळ्या भरताना अंगठ्याला काहीच करावं लागत नाही. खोक्यात अशी दोन मॅगझिन येतात.

चाप हलका आहे, सरळ मागे जातो, गोळी नेमकी कधी सुटणार तो क्षण कळतो. मूठ पूर्ण हाताची आहे, करंगळीसकट. नळी पावणेचार इंचांच्या जरा आत, म्हणून नेमाच्या दोन खुणांमध्ये पुरेसं अंतर राहतं. सात यार्डांवर ह्यांच्या गोळ्या बशीएवढ्या जागेत पडायला लागल्या, तेव्हा मी निवड संपल्याचं जाहीर केलं.

स्लाइड ओढायची रीतही शिकून घ्या, कारण निम्मं काम रीत करते. बरेच जण अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत स्लाइड धरून ओढतात. तसं नाही. दुसऱ्या हाताचा पूर्ण पंजा वरून स्लाइडवर ठेवायचा, पिस्तूल छातीजवळ आणायचं, नळीचं तोंड समोर लक्ष्याकडेच, बोट चापाबाहेर, आणि स्लाइड घट्ट धरून मुठीचा हात जोराने पुढे ढकलायचा. ओढण्यापेक्षा ढकलण्यात खांदा आणि छाती कामाला येतात. या रीतीने ह्यांना सिगची स्लाइडही जमली असती, पण दमल्यावर रीत बिघडते, म्हणून मी ईझेडवर ठाम राहिले.

उणिवाही आहेत. हे खिशातलं पिस्तूल नाही. लांबी साधारण सतरा सेंटिमीटर, उंची पाच इंचांच्या जवळ. चांगला जाड पट्टा आणि चापाचा भाग पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर (पिस्तूल ठेवायचं म्यान) लागतंच. ह्यांचा पांढरा कोट वरून येतो म्हणून दुकानात दिसत नाही. वरच्या फळीवरची बाटली काढताना कोट उचलला जातो, म्हणून होल्स्टर कमरेवर थोडं मागे सरकवून घेतलं. सलवार-कुर्ता किंवा साडी नेसणाऱ्या बाईला हे पिस्तूल अंगावर बाळगणं कठीण. पोटाला बांधायचे रुंद पट्टे मिळतात, त्यातही ते जाडच वाटेल. म्हणून पर्समध्ये टाकून फिरायचा मोह होतो. पर्समध्ये नको. २०१४च्या डिसेंबरात आयडाहोमधल्या एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाच्या हाती आईच्या पर्समधलं पिस्तूल लागलं आणि त्यात आईचा जीव गेला. ती बाई पिस्तूल हाताळण्यात नवखी नव्हती.

मुठीच्या मागे एक दाबपट्टी आहे. तळहाताने ती दाबली गेली तरच गोळी सुटते. मला हे आवडतं. पण ज्यांची पकड अगदीच सैल आहे त्यांनी रेंजवर मुद्दाम वाकडं-तिकडं धरून बघावं, प्रत्येक वेळी दाबली जाते की नाही ते. अंगठ्याने चालवायची वेगळी सेफ्टी (गोळी चुकून सुटू नये म्हणूनचा खटका) असलेला आणि नसलेला, असे दोन्ही प्रकार मिळतात. अंगठाच दुखरा असल्यामुळे आम्ही नसलेला घेतला.

.३८० हे ९ मिमीपेक्षा दुबळं काडतूस आहे, हे कबूल करूनच घ्यायचं. १९०८ साली कोल्ट कंपनीच्या पिस्तुलासाठी बंदुकांचा रचनाकार जॉन ब्राउनिंगने ते आणलं, तेव्हापासून ते पुरेसं आहे की नाही यावर वाद चालू आहे. त्याच्या काही पोकळ-टोकाच्या, म्हणजे लागल्यावर फुलणाऱ्या, गोळ्या पुरेशा खोल जात नाहीत, काही नीट फुलत नाहीत. आम्ही बाळगायला हॉर्नडी कंपनीची 'क्रिटिकल डिफेन्स' ही ९० ग्रेन वजनाची गोळी ठेवली, आणि ती या पिस्तुलातून न अडकता चालते याची खात्री झाल्यावरच. सरावाच्या गोळ्याही ९ मिमीपेक्षा महाग पडतात, हा खर्च धरून चला. चुकलेल्या मोठ्या गोळीपेक्षा लागलेली लहान गोळी मला जास्त भरवशाची वाटते.

ईझेडचं ९ मिमीचं भावंड २०२० साली आलं. साधारण साडेसहाशे ग्रॅमचं आहे, धक्का बेताचा आहे, आणि हातात थोडा जोर उरला असेल तर आधी ते बघा. मात्र जुनं विकत घेत असाल तर पिस्तुलावरचा क्रमांक तपासून घ्या: मार्च ते ऑक्टोबर २०२० मध्ये बनलेल्या ९ मिमी ईझेडपैकी काहींचा हॅमर तुटण्याची शक्यता निघाल्यामुळे कंपनीने स्वतःच तपासणीसाठी परत मागवली होती. २०२३मध्ये रुगरचं सिक्युरिटी-३८० आलं, त्याचीही स्लाइड हलकी आणि गोळ्या पंधरा. त्याची मूठ ह्यांना रुंद वाटली. मोठ्या पंजाच्या माणसाला तीच आवडेल.

टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. तरी ह्यांनी परवाना काढला आणि तुम्हीही काढा. फी ४० डॉलर. परवाना नसेल तर शाळेच्या हजार फुटांच्या आत पिस्तूल नेणं संघीय कायद्यात अडकू शकतं, आणि ह्यूस्टनच्या उपनगरांत शाळेजवळून न जाता कुठेच पोचता येत नाही. शिवाय बाकीच्या अनेक राज्यांत तो चालतो. परीक्षेत ३, ७ आणि १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्या झाडायच्या असतात. ह्यांनी त्या ईझेडने झाडल्या आणि हात न झटकता बाहेर आले. दारावर लाल ५१ टक्क्यांची पाटी (निम्म्याहून जास्त कमाई दारूची, असं सांगणारी) असलेल्या बारमध्ये पिस्तूल नेणं गुन्हा आहे, आणि ३०.०६ची पाटी (परवाना असला तरी कपड्याखालचं पिस्तूल आत आणायला मनाई करणारी) दिसली की ते गाडीतल्या पेटीत कुलूपबंद ठेवायचं.

घरी नातू येतो. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं पिस्तूल लागू शकेल असं ठेवणं टेक्ससमध्ये गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी आम्ही तिजोरी घेतलीच असती. बोटाचा ठसा वाचणाऱ्या तिजोऱ्या बघितल्या आणि मोठ्या बटणांची घेतली. ह्यांची बोटं सुजलेली असतात त्या दिवशी ठशाचा भरवसा नको होता.

भारतात जाणाऱ्यांसाठी एक कळकळीची गोष्ट. रेंजवर नेता ती बॅग विमानाच्या प्रवासाला कधीच नेऊ नका. तळाशी एखादं काडतूस राहून गेलं आणि मुंबईच्या विमानतळावर तपासणीत सापडलं, तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. तिथे साध्या नागरिकाला ९ मिमी हा निषिद्ध बोअर (नळीचं माप) आहे, आणि .३२च्या पिस्तुलालाही परवाना लागतो. आमच्या रेंजच्या बॅगेवर मी लाल रिबीन शिवून टाकली आहे आणि ती गॅरेजच्या बाहेर जात नाही.

किंमत म्हणाल तर २०१८मध्ये कंपनीने ३९९ डॉलर ठेवली होती, आता दुकानादुकानांत फरक आहे. पट्टा, होल्स्टर, तिजोरी आणि सरावाच्या गोळ्या धरल्या तर खर्च पिस्तुलाच्या दुप्पट धरा. हात धडधाकट असतील तर ईझेड घेऊ नका, त्याच पैशांच्या जवळपास आणखी लहान आणि ९ मिमीचं मिळेल. पण स्लाइड ओढताना जोडीदाराच्या कपाळावर आठी येत असेल, तर दुकानात अंगठ्याची सेफ्टी असलेलं आणि नसलेलं, दोन्ही ईझेड मागून घ्या, मॅगझिन त्यांच्याच हाताने भरायला लावा, आणि त्यानंतरच पैशांचं बोला.